व्हॅनवर हात बसवताना: दसरा मैदान ते भेरूघाट

माझा भाचा चार वर्षं छोटी कार चालवत होता. त्यामुळे आमची मारुती इको व्हॅन त्याला वेगळी शिकवावी लागेल असं त्यालाही वाटलं नाही आणि मलाही नाही. राजेंद्र नगरच्या घरातून त्याने पहिल्यांदा गाडी बाहेर काढली, फाटकातच डावीकडे वळवली आणि मागची डावी बाजू फाटकाच्या खांबाला घासून गेली. पुढचं तोंड अगदी व्यवस्थित बाहेर पडलं होतं. "पण मामा, पुढे तर भरपूर जागा होती!" खरंच होती. व्हॅनमध्ये जे काही बिनसतं ते बहुतेक पाठीमागे बिनसतं. शेपूट मागे, माल मागे, माणसं मागे, सरकता दरवाजा मागे. कारमध्ये ही सवय लागत नाही, कारण तिथे मागे फार काही नसतंच.

आमचा लग्नमुंजीच्या जेवणांचा धंदा आहे. दोन व्हॅन आहेत, एक जुनी 2012 ची आणि एक नवी, एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी. घरातल्या पोरांना आणि कामावरच्या दोघा-तिघांना या गाड्यांवर मीच तयार केलं. इंदूरमध्ये कुणी नव्याने व्हॅन हातात घेत असेल, तर ज्या क्रमाने मी शिकवतो त्याच क्रमाने इथे सांगतो.

लायसन्सचं आधी उरकून टाकू. माल धरून एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेल्या गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार गाडीचं लायसन्स चालतं, पिवळ्या नंबर प्लेटच्या गाडीलासुद्धा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला हे पक्कं केलं. पण कागदावर चालतं म्हणजे हाताला जमतं असं नाही.

पहिला दिवस: चाक हलवायचंच नाही

सकाळी सहाला अन्नपूर्णा रोडजवळच्या दसरा मैदानावर जा. मेळा किंवा सभा नसेल तेव्हा तिथे मोकळी जागा असते. गाडी उभी करा आणि पहिला तासभर उभीच ठेवा. नव्या माणसाला याचा फार राग येतो.

सीट आधी. क्लच पार तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. व्हॅनमध्ये उंच बसायला मिळतं म्हणून पुष्कळजण स्टिअरिंगवर ओणवे होतात, खिडकीतून रस्ता बघत बसल्यासारखे. एअरबॅग छातीपासून किमान वीतभर लांब हवी, कारण ती पापणी लवायच्या आत उघडते आणि धक्का लहान नसतो. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाशी आणा. मानेपाशी ठेवलेलं हेडरेस्ट मागून धडक बसली की उलट घात करतं.

पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. पट्टा न लावता आवाज बंद करायला जी क्लिप मिळायची, तिची ऑनलाइन विक्री केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये थांबवायला लावली. तरी ती अजून काही गाड्यांत दिसते. पट्टा न लावणाऱ्याला एअरबॅगचा भरवसा नसतो. माणूस आधीच पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगा त्याच्या तोंडावर उघडतो. याच कारणाने डावीकडच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती मी काढायला लावतो. बाप्पांना वर आरशापाशी छोट्या फोटोत बसवा. एअरबॅगच्या झाकणावर काहीही ठेवायचं नाही.

आता आरसे. बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची कड अगदी चिमूटभर दिसावी, बाकी सगळा रस्ता. डावा आरसा बहुधा फुगीर असतो, त्यामुळे त्यातली मोटरसायकल आहे त्यापेक्षा लांब वाटते. मग एक प्रयोग करा. पाण्याचे वीस लिटरचे रिकामे जार घ्या. तुम्ही सीटवर बसा आणि दुसऱ्याला एकेक जार गाडीभोवती फिरवून ठेवायला सांगा. कुठे दिसेनासा होतो ते बघा. आमच्या इकोत माल भरलेला असताना मागच्या बंपरमागे चार जार ओळीने ठेवले आणि भाच्याला त्यातला एकही दिसला नाही. त्या चार जारांच्या जागी शाळेतली चार पोरं बसली असती. हे सांगून कळत नाही, जार दिसेनासा झाला की कळतं.

डॅशबोर्डवरचे दिवे

चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. सगळे दिवे एकदम लागतात. ही गाडीची हजेरी असते. त्या क्षणी कुठला दिवा लागलाच नाही तर त्याचा बल्ब किंवा सर्किट गेलेलं आहे, म्हणजे खरा बिघाड झाला तरी तो काही सांगणार नाही. इंजिन सुरू झाल्यावर दोन-चार सेकंदांत दिवे विझायला हवेत.

लाल दिवा म्हणजे बाजूला घ्या आणि थांबा. ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नेऊ नका, इंजिन बसतं. तापमानाचा लाल दिवा लागला तर थांबा, पण रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. इकोचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. सीट उचलून आत डोकावताना हात भाजतो, हे मी अनुभवाने सांगतोय. पिवळा दिवा म्हणजे चालवा, पण गॅरेज गाठा. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला तर साधा ब्रेक चालतो, फक्त एबीएस नसतं. पण एबीएसचा आणि ब्रेकचा लाल, असे दोन्ही एकदम लागले आणि हँडब्रेक खाली आहे, ब्रेक ऑइलही पुरेसं आहे, तर मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. तिथेच थांबायचं. डिझेल गाडी असेल तर पिवळा गुंडाळ्यासारखा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नका, थंडीत तर नक्कीच नाही.

पायाचा आणि हाताचा अंदाज

बंद गाडीत ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पायाखाली तो दगडासारखा कडक होईल. आता तसाच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली जातं. म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय. हा एवढासा प्रयोग मी सगळ्यांकडून करून घेतो, कारण उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे आपल्याकडे कमी नाहीत. इंजिन बंद झालं की एक-दोनदा दाबल्यावर बूस्टर संपतो, मग असाच कडक ब्रेक घेऊन ट्रकच्या मागे जायचं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. शिवाय यात काही वाचतही नाही. आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनांत गिअर टाकून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की उतारावर पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते खर्च होत राहतं.

इंडिकेटर, वायपर, डिपर, हॉर्न, हॅझार्ड, काचेवरची वाफ घालवणारा पंखा, हे सगळं डोळे मिटून हाताला लागेपर्यंत बसा. मारुतीत इंडिकेटर उजव्या हाताला असतो. युरोपियन वळणाच्या काही गाड्यांत तो डावीकडे असतो आणि तिथे वळताना वायपर फिरतो. पावसाळ्यात कुणाला कळत नाही, उन्हाळ्यात सगळे हसतात. हॅझार्ड म्हणजे चारही इंडिकेटर. ते थांबलेल्या किंवा अडकलेल्या गाडीसाठी असतात. चौकातून "मी सरळ चाललोय" हे सांगायला नव्हे. इंदूरमध्ये ही समजूत इतकी घट्ट आहे की मी वाद घालणं सोडून दिलंय, पण तुम्ही ही सवय लावून घेऊ नका. बाजूच्याला तुमचा एकच दिवा दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय.

आता हलवा

रिकामी गाडी, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता फक्त क्लचवर. क्लच हळूहळू सोडताना एका जागी गाडी किंचित थरथरते आणि नाक जरासं उचलतं. ती जागा पायाला पाठ व्हायला हवी. वीस वेळा करा. पुढे चढावर हँडब्रेकने गाडी धरून सुटताना हेच कामी येतं. थरथर जाणवली की हँडब्रेक सोडायचा, आधी नाही.

वळण घेताना लक्षात ठेवायची गोष्ट एकच. मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या खुणेवरून जात नाही, आतून कापत जातं. गाडी जितकी लांब तितकं जास्त. म्हणून फाटकाचा खांब तुमच्या खांद्याच्या मागे जाऊ द्या, मग वळवा. ट्रॅव्हलरसारख्या लांब गाडीत मागच्या चाकांच्याही मागे बराच भाग असतो, तो उलट बाजूला झुलतो. या ट्रॅव्हलर आपल्या शेजारी पीथमपूरलाच बनतात. तिथेच नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, जिथे गाड्या भन्नाट वेगाने तपासतात. आपल्याला मात्र मैदानावर चार विटा मांडून पाचच्या वेगाने वळणं घ्यायची आहेत.

बॅक घेणं शिकायचं असेल तर सकाळी आपल्या गल्लीत येणारी महापालिकेची कचरागाडी बघा. अरुंद बोळात, दोन्ही बाजूंना स्कूटर, आणि तो माणूस दोन आरशांवर गाडी उलटी बाहेर काढतो. डोकं फिरवत बसत नाही. आधी डावा, मग उजवा, परत डावा, आणि गाडी मुंगीच्या पावलाने. मदतीला कुणी उभा असेल तर आधी ठरवा: तो मला आरशात दिसला पाहिजे, दिसेनासा झाला की मी थांबणार. नाहीतर आपल्याकडचे मदतनीस गाडीच्या नेमके मागे उभे राहून "आन दो, आन दो, आन दो" करतात आणि "बस!" धडकल्यावर म्हणतात. सेन्सरवरही सगळं सोडू नका. तो भिंत ओळखतो, पण बारीक खांब, ताणलेली तार, गुडघ्याखालचा दगड त्याला चुकतो. आणि बंपरवर चिखल बसला की तो नुसता बोंबलत बसतो.

माल चढला की गाडी बदलते

एका डोहाळजेवणासाठी बासुंदीचं पातेलं घेऊन निघालो होतो. झाकण सुतळीने बांधलेलं. पातेलं मात्र बांधलेलं नव्हतं, नुसतं दोन टोपल्यांमध्ये अडकवलेलं. महूनाक्याला सिग्नल लाल झाला, मी थोडा जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली. पातेलं थांबलं नाही. ते सरकत येऊन माझ्या सीटच्या पाठीवर आदळलं, सुतळी तुटली आणि कोमट, वेलचीचा वास येणारी बासुंदी माझ्या कॉलरमधून पाठीवर उतरली. वेग तीसच्या आत होता. तेच गॅसची टाकी असती आणि वेग साठ असता, तर हे लिहायला मी नसतो.

तेव्हापासूनचा नियम असा. जड वस्तू खाली, आणि पुढच्या सीटच्या पाठीला भिडवून, मध्ये फट न ठेवता. फट असली की वस्तूला धाव घ्यायला जागा मिळते. मग रॅचेटच्या, म्हणजे खटक्याने आवळायच्या पट्ट्याने आडवं बांधायचं. सुतळी आणि रबर हे बांधणं नव्हे. कॅरियरवर फक्त हलकं सामान. व्हॅन मुळातच उंच आणि अरुंद आहे, वर वजन चढलं की वळणावर ती झुकते आणि तुम्हाला सीटवर जाणवतं.

टायरची हवा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली असते. भरलेल्या गाडीचा मागचा आकडा वेगळा असतो. हवावाल्याला "सगळीकडे सारखी भर" सांगू नका. टायर थंड असताना, सकाळीच तपासा. खाचेतले रबराचे बारीक उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला टेकले, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली की टायर बदलायचा.

एक छोटं बटण कुणीच वापरत नाही. डॅशवर 0 ते 3 आकडे असलेली गोल कळ असते, हेडलाइट खालीवर करायची. मागे माल बसला की नाक वर होतं आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तेव्हा आकडा वाढवायचा. तुम्हाला रात्रभर लोक का डिपर मारत होते ते मग कळतं.

सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. सिलिंडरवरची पाटी वाचा. आणि त्याच्यावर पातेली रचू नका.

ब्रेक आणि एबीएस

मैदान थोडं ओलं असेल त्या सकाळी हे करा. गाडी रिकामी, वेग तीस, मागेपुढे कुणी नाही. आता ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबून ठेवा. पायाखाली पेडल थडथडेल, खडखड आवाज येईल. भाच्याने पहिल्यांदा घाबरून पाय उचलला. "मामा, तुटला की काय?" तुटलेलं काही नाही. चाक जाम होऊ नये म्हणून यंत्रणा एका सेकंदात कित्येकदा ब्रेक सोडते-धरते, तो थडथडाट पायापर्यंत येतो. पाय उचलायचा नाही. पंपही मारायचा नाही. दाबून धरून स्टिअरिंगने अडथळा चुकवायचा, एबीएस त्यासाठीच आहे. सुट्या मातीवर आणि खडीवर मात्र एबीएसने गाडी थोडी लांबच थांबते, म्हणून अंतर जास्त ठेवा. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत चाक जाम झालं की पाय किंचित ढिला करून परत दाबावा लागतो. दोन्ही गाड्या चालवणाऱ्याने रोज सकाळी आठवून घ्यावं की आज कुठली आहे.

हिशेब साधा आहे. ताशी साठच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळपास 17 मीटर जाते, तुमचा पाय ब्रेकवर पोचायच्या आधीच. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकने थांबायचं अंतर चौपट होतं. आणि माल भरला की गाडीला थांबवायला ब्रेकला जास्त राबावं लागतं. ए.बी. रोडवर पुढच्या गाडीपासून रिकामी असताना तीन सेकंद ठेवा, भरलेली असताना चार-पाच. मध्ये रिक्षा शिरेल, शिरू द्या. 80 च्या वर गेलात की नव्या गाड्या अधूनमधून टुकटुक करतात आणि 120 च्या वर सतत ओरडतात. व्हॅनमध्ये पहिला आवाज आला तरी पाय उचला.

माणसं बसवली तर

दरवाजा सरकवून बंद केल्यावर हाताने एकदा ओढून बघा, अर्धवट बसलेला दरवाजाही बंदच दिसतो. मुलं असतील तर चाइल्ड लॉक लावा. तो दरवाज्याच्या कडेला छोटा खटका असतो, दरवाजा उघडल्यावरच दिसतो. रहदारीच्या बाजूने कुणालाही उतरवू नका. मागच्यांनीही पट्टा लावायचा असतो, कायद्यात 1,000 रुपये दंड आहे. पण मागच्या माणसाचा पट्टा खरंतर पुढच्याला वाचवतो. बासुंदीचं पातेलं आठवा.

भेरूघाट

हे सगळं जमलं, महिनाभर गावात फिरलात, की सिमरोलवरून खंडवा रोडने ओंकारेश्वरला जा. भेरूघाट हीच खरी परीक्षा. सोबत चालवणारं कुणीतरी घ्या आणि दिवसा जा.

उतरायला लागायच्या आधी, वरच गिअर कमी करा. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, भरलेली व्हॅन असेल तर बहुधा दुसरा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या, ते गाडी धरून ठेवतंय. वेग वाढलाय वाटलं की ब्रेक नीट जोरात दाबा, वेग खाली आणा आणि पाय पूर्ण काढा. सारखा हलका पाय ठेवून उतरणाऱ्यांचे ब्रेक तापतात. आधी जळक्या लायनिंगचा वास येतो, मग पेडल खोल जायला लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि जुनं ऑइल लवकर उकळतं, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. वास आला की रुंद जागा बघून थांबा आणि अर्धा तास चहा प्या. चाकांवर पाणी ओतू नका.

आणि समजा पेडल तळाला गेलंच, तर पंप मारत राहा, एकेक गिअर खाली आणा, हॉर्न आणि हॅझार्ड लावा, हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरते. काहीच चाललं नाही तर डोंगराच्या बाजूला घासत न्या, दरीच्या नाही. गाडी न्यूट्रलला मात्र टाकायची नाही, एकदा सुटली की परत गिअर पडत नाही.

घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते. त्याला थांबून परत सुटणं तुमच्यापेक्षा अवघड आहे. चढणारे आपण असलो तरी सगळेच उतरणारे हा नियम पाळतील असं धरून चालू नका.

उतारावर गाडी लावायची तर हँडब्रेक, पुढची चाकं कडेच्या दिशेने वळवलेली, आणि गिअर. नाक खाली असेल तर रिव्हर्स, नाक वर असेल तर पहिला. माल असेल तर चाकाला दगडही लावा. निघताना तो दगड तिथेच सोडून जाऊ नका. उचलून रस्त्याच्या पार बाहेर ठेवा, अंधारात मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो दिसत नाही.